दलदलीतला कार्बन : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरे

मागच्या लेखात मी ओघात लिहून गेले होते की पृथ्वीवरच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग पीटच्या दलदलींनी व्यापला आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन तिथे साठलेला आहे. त्यावर बरीच पत्रे आली. कुणाला आकडा खरा वाटला नाही, कुणाला आपल्या गावच्या पाणथळीची आठवण झाली, काहींनी सरळ भांडण काढले. मला ते आवडले, कारण जमिनीखालच्या कार्बनबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी सोलापूरजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या मुलांनी पाहिलेली दलदल म्हणजे धरणाच्या काठचा चिखल. पीट म्हणजे काय आणि त्यात जंगलापेक्षा जास्त कार्बन कसा मावतो, हे सातवीला कसे समजावू?

पीट म्हणजे चिखल नव्हे. अर्धवट कुजून थांबलेल्या वनस्पतींचा तो थर असतो. हातात घेतला तर त्यात मुळांचे धागे, शेवाळाची पाने, कधी लाकडाचे तुकडेही ओळखू येतात.

वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढते. ती मेली की बुरशी आणि जिवाणू तिला खातात आणि तो कार्बन पुन्हा हवेत जातो. तुमच्याकडच्या उष्ण, मोकळ्या जमिनीत हे काम झपाट्याने उरकते. शेतातला सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का टिकवतानाही शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात, ते त्यामुळेच. पण जमीन बाराही महिने पाण्याने भरलेली असेल तर आत ऑक्सिजन पोचत नाही आणि कुजणे मंदावते. दरवर्षी जेवढे उगवते त्यापेक्षा थोडेसे कमी कुजते. हा थोडासा फरक वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर वाढवतो, म्हणजे मीटरभर पीट व्हायला हजारेक वर्षे लागतात. थंड प्रदेशांत हे काम मुख्यतः स्फॅग्नम नावाचे शेवाळ करते. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आम्लही करते, त्यामुळे जिवाणूंचे आणखीच अवघड होते. इंडोनेशिया किंवा काँगोत पीट बनते ते दलदलीतल्या झाडांच्या मुळांचे आणि लाकडाचे.

जंगलात आज उभ्या असलेल्या झाडांचा कार्बन दिसतो. पीटमध्ये शेकडो पिढ्यांची झाडे-झुडपे एकावर एक साठलेली असतात. हा साठा अंदाजे ६०० अब्ज टन कार्बनचा आहे. आज सबंध वातावरणात सुमारे ९०० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे ही रक्कम किती मोठी आहे ते लक्षात येईल.

वर्गात दोन बरण्या ठेवा. दोन्हींत सारखाच पालापाचोळा घाला. एकीत ओलसर माती मिसळून तोंड उघडे ठेवा, दुसरीत पाला पूर्ण पाण्याखाली बुडवून झाकण सैल लावा. सत्र संपताना मुलांनाच दोन्ही बरण्या उघडू द्या.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला ऊस उत्पादक. आमच्या क्षारपड जमिनीत आम्ही सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतो, सरकारही त्याला प्रोत्साहन देते. मग परदेशात दलदलीतून पाणी काढले की तो गुन्हा कसा?

तुमचा निचरा योग्यच आहे. फरक जमिनीत आहे. तुमची काळी जमीन खनिज कणांची आहे. पाणी काढले की मुळांना हवा मिळते, क्षार वाहून जातात आणि माती मात्र तिथेच राहते. पीटमध्ये माती म्हणून जे काही आहे तेच मुळात वनस्पतींचे अवशेष. पाणी काढले की ऑक्सिजन आत शिरतो, हजारो वर्षे थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होते आणि जमीनच कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते.

ही अतिशयोक्ती नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या सखल भागात व्हिटलसी मीर नावाचे मोठे तळे होते. १८५१ च्या सुमारास ते शेतीसाठी कोरडे केले. जमीन खचणार याची कल्पना होती म्हणून तिथे एक लोखंडी खांब खालच्या मातीपर्यंत गाडून त्याचे टोक जमिनीच्या पातळीला आणून ठेवले. आज तो खांब जमिनीपासून सुमारे चार मीटर वर आलेला दिसतो. खांब हललेला नाही, जमीन खाली गेली आहे. काही भाग नुसता दबला, पण मोठा भाग हवेत गेला.

नेदरलँड्सचा बराच प्रदेश समुद्रसपाटीच्या खाली जाण्यामागेही शतकानुशतकांच्या अशाच निचऱ्याचा हात आहे. जर्मनीत ९० टक्क्यांहून जास्त पीटभूमी कोरडी केलेली आहे आणि त्या देशाच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी सुमारे सात टक्के तिथून येते. आता तिथले काही शेतकरी पाणी परत सोडून पाणकणीस आणि बोरूसारखी ओल्या जमिनीतली पिके घेऊ लागले आहेत. त्यांपासून घरांच्या भिंतींना लावायचे उष्णतारोधक तक्ते होतात. हे अजून थोड्या क्षेत्रावर आहे. ते वाढायचे तर शेतकऱ्याला भाव मिळायला हवा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी मूळची नाशिकची, सध्या एडिंबरात राहते. स्कॉटलंडच्या उत्तरेला पर्यावरण संस्थाच हजारो झाडे तोडताना पाहिली. आपण आयुष्यभर 'झाडे लावा' ऐकत आलो. हे बरोबर आहे का?

तुम्ही पाहिले ते केथनेस आणि सदरलंडमधले फ्लो कंट्री असावे. युरोपातली ही फार मोठी पीटभूमी आहे. तिच्यात सुमारे ४० कोटी टन कार्बन असल्याचा अंदाज आहे. जुलै २०२४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि तो निर्णय झाला आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत.

१९७० आणि ८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये वृक्षलागवडीवर करसवलत होती. श्रीमंत गुंतवणूकदारांनी दूरवरची ही 'पडीक' जमीन घेतली, खोल नांगरट केली, चर खणले आणि सिटका स्प्रूस व लॉजपोल पाइन ही तिथली नसलेली झाडे लावली. मोठा विरोध झाल्यावर १९८८ मध्ये ती सवलत गेली. झाडे मात्र राहिली. चरांमधून पाणी निघून जात होते, मुळे उरलेले पाणी शोषत होती आणि पीट सुकत होते.

हिशेब असा. स्प्रूसचे झाड काही दशके कार्बन साठवते आणि मग कापले जाते. त्याच्या लाकडाचा कागद किंवा फळ्या होतात आणि तो कार्बन बहुतांशी परत येतो. त्याच काळात खालच्या पीटमधून जो कार्बन सुटतो तो जमायला हजारो वर्षे लागली होती. खोल पीटवर हा सौदा तोट्याचाच आहे. म्हणून ब्रिटनमध्ये ५० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर नवी लागवड करू नये असा नियम आहे.

झाडे काढून चर बुजवले की लगेच सगळे सुधारते असेही नाही. तोडलेल्या फांद्या कुजताना काही वर्षे जमीन कार्बन सोडतच राहते. फ्लो कंट्रीतल्याच मोजमापांत, साधारण दहा वर्षांपूर्वी पूर्ववत केलेला एक पट्टा अजून कार्बन सोडत होता, तर सोळा वर्षांपूर्वीचा पट्टा पुन्हा शोषू लागलेला दिसला. एवढा धीर धरावा लागतो.

आपल्याकडे नीलगिरी पर्वतात हीच चूक झालेली आहे. तिथल्या गवताळ डोंगरमाथ्यांच्या खोलगट भागांत खरे पीट आहे. इंग्रजांच्या काळात आणि नंतरही त्या भोवतालच्या गवताळ प्रदेशाला रिकामी जागा समजून निलगिरी (युकॅलिप्टस) आणि वॅटल ही बाहेरची झाडे लावली गेली. म्हणून झाडे लावण्याआधी तिथे मुळात काय होते, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. तुम्ही पाहिलेली तोड मला योग्य वाटते.

प्रश्न : मी कोल्हापूरला एम.एस्सी. करतो. पाणथळ जागांतून मिथेन निघतो आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी घातक. मग पाणथळी वाचवणे म्हणजे तापमानवाढीला हातभार लावणेच नाही का?

या विषयातला हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याला बगल देणारे पर्यावरणप्रेमी मला पटत नाहीत.

मिथेन निघतो हे खरेच आहे. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे तळ्याचा गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ते पेटतात हे दाखवले, तोच हा वायू. ऑक्सिजन नसलेल्या गाळात राहणारे सूक्ष्मजीव तो बनवतात. पाणथळी हा मिथेनचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहे. शंभर वर्षांचा हिशेब केला तर एक टन मिथेन सुमारे २७ टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा आकडा ८० च्या घरात जातो.

पण मिथेन हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतके राहतो. भोक पडलेल्या हंड्यात सारख्या धारेने पाणी सोडत राहिलात तर एका पातळीला ते स्थिर होते. कार्बन डायऑक्साइडचा हंडा मात्र धड आहे, तो भरतच जातो. एखादी दलदल पाच हजार वर्षे सारखाच मिथेन सोडत आली असेल तर त्याचा परिणाम केव्हाच स्थिरावला आहे, आणि त्याच काळात तिने हवेतून काढलेला कार्बन मात्र साठतच गेला आहे. म्हणून दीर्घ मुदतीत अशा दलदलींनी पृथ्वीला थंडच केले. ती कोरडी केली तर मिथेन जवळजवळ थांबतो, पण त्या जागी कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो आणि पीट संपेपर्यंत सुटत राहतो. पाणी परत सोडल्यावर सुरुवातीला मिथेन वाढतो हे धरूनही, लवकर पाणी सोडणे हेच कमी तापमानवाढीचे ठरते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट झाले आहे.

सगळे अडते ते पाण्याच्या पातळीवर. पाणी पृष्ठभागाच्या थोडे खाली, दहा-एक सेंटिमीटरवर असेल तर वरच्या हवेशीर थरातले जिवाणू खालून येणारा बराच मिथेन वाटेतच खाऊन टाकतात आणि खालचे पीट मात्र ओले राहते. पाणी वर तुंबले तर मिथेन वाढतो, खोल गेले तर कार्बन डायऑक्साइड वाढतो. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, शेतीसाठी निचरा केलेल्या पीटमध्ये पाणी नुसते दहा सेंटिमीटर वर आणले तरी दर हेक्टरी वर्षाला किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन घटते, आणि पाणी तीस सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत हा फायदा वाढत जातो. म्हणजे शेती पूर्ण बंद न करताही काही साधता येते.

तुम्हाला खरी चिंता करायची असेल तर ती वेगळ्या ठिकाणी करा. मानवी हस्तक्षेपामुळे हवामान तापले तर पाणथळींचा मिथेन स्थिर राहत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत मिथेन अब्जात सुमारे ७२० भाग होता, आज तो १,९०० च्या पुढे आहे. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये तो विक्रमी वेगाने वाढला. त्या वाढीतल्या कार्बनच्या समस्थानिकांची (म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंची) ठेवण खाणी-विहिरींतल्या वायूची नाही, सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनची आहे. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या काही भागांत भरपूर पाऊस झाला आणि दक्षिण सुदानच्या सड्डसारख्या दलदली पसरल्या, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. २०२० मध्ये मिथेन नष्ट करणारे हायड्रॉक्सिल कण घटले, हे दुसरे. या नळाची चावी आपल्या हातात नाही. तेल-वायूच्या गळत्या, कचराडेपो आणि खाणी यांतला मिथेन मात्र आपल्या हातात आहे. तिथे ढिलाई करून पाणथळींकडे बोट दाखवणे मला मान्य नाही.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सैबेरियातली गोठलेली जमीन वितळली की 'मिथेनचा बॉम्ब' फुटणार असे व्हिडिओ पाहून झोप उडते. किती खरे?

बॉम्ब हा शब्द चुकीचा आहे, भीती मात्र निराधार नाही.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेल्या जमिनीत, सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. त्यातला बराच पीटच्या रूपात आहे. तो एका दिवसात सुटणार नाही. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने अंदाज दिला तो असा : तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे या शतकाअखेर पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुटेल, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ४१. आपण आज कोळसा-तेल जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन सोडतो. म्हणजे हा स्फोट नव्हे, न ठरवता डोक्यावर येऊन बसलेले कर्ज आहे, आणि ते फेडायला आपल्याच उत्सर्जनात तेवढी जास्त कपात करावी लागेल.

या अंदाजात दोन गोष्टी पुरत्या धरलेल्या नाहीत, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. पहिली, जमीन अचानक खचणे. आतला बर्फ वितळला की जमीन बसते, तळी तयार होतात आणि कित्येक मीटर खोल थर एकदम उघडे पडतात. दुसरी, आग. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळाले. अशा आगी पीटमध्ये शिरल्या की ज्वाळा दिसत नाहीत, पण धग आत राहते, बर्फाखाली हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा वर येते. आगींचा हिशेब धरला तर ध्रुवीय टुंड्रा आता कार्बन शोषण्याऐवजी सोडू लागला आहे, असे अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे.

मला मात्र सैबेरियापेक्षा काँगोबद्दल जास्त सांगायचे आहे, कारण तिथे अजून फार काही बिघडलेले नाही. मध्य आफ्रिकेतल्या क्युव्हेत सॉन्त्राल या सखल प्रदेशात पीट किती आहे हे २०१७ पर्यंत जगाला माहीतच नव्हते. ग्रेटा डार्गी, सायमन लुईस आणि काँगोतले शास्त्रज्ञ इफो सस्पेन्स यांच्या चमूने दलदलीतून चालत, नळ्या खुपसत मोजमाप केले. साठा निघाला सुमारे ३० अब्ज टन कार्बनचा, म्हणजे सगळ्या जगाच्या तीन वर्षांच्या कोळसा-तेलाएवढा. क्षेत्र साधारण महाराष्ट्राच्या निम्म्याएवढे.

२०२२ मध्ये त्याच पीटमधून आणखी एक गोष्ट कळली. साडेसात हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान तिथले हवामान कोरडे होत गेले. त्या काळातला पीटचा थर जवळजवळ गायबच आहे. जमलेले कुजून गेले. पाऊस परतल्यावर दलदल पुन्हा साठवू लागली. माणसाने एकही चर न खणता, निव्वळ पाऊस घटल्यामुळे हा साठा एकदा फुटला आहे. आजच्या तापमानवाढीने तिथला कोरडा हंगाम लांबला तर काय होईल, याचे उत्तर त्या नळीत मिळालेले आहे. असे असताना २०२२ मध्येच काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने तेलासाठी लिलावात काढलेल्या पट्ट्यांत या पीटचा काही भाग होता. तिथली माणसे गरीब आहेत, त्यांनी फुकट राखण करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. जगाने त्याचे पैसे द्यायला हवेत, आणि लवकर द्यायला हवेत.

प्रश्न : मी घरगुती फराळाचा व्यवसाय करते, कल्याणला. पामतेलामुळे इंडोनेशियाची दलदल जळते असे मुलगी सांगते. पामतेल सोडायचे का?

मुलगी म्हणते त्यात तथ्य आहे, पण सुरुवात भातापासून झाली. १९९५ मध्ये सुहार्तोंच्या सरकारने मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टर पीटवर भातशेती करण्याचा प्रकल्प आखला. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. भात आला नाही, पाणी मात्र निघून गेले. १९९७ च्या एल निनोत पाऊस लांबला आणि सुकलेले पीट पेटले. त्या वर्षी इंडोनेशियाच्या आगींतून ८१ ते २५७ कोटी टन कार्बन सुटल्याचा अंदाज आहे. जगाने त्या वर्षी जाळलेल्या कोळसा-तेलाच्या तो १३ ते ४० टक्के भरतो. २०१५ मध्ये पुन्हा २६ लाख हेक्टर जळाले आणि कित्येक दिवस त्या आगींचे रोजचे उत्सर्जन सबंध अमेरिकेच्या रोजच्या उत्सर्जनापेक्षा जास्त होते. सिंगापूरपर्यंत लोकांना श्वास घेणे कठीण झाले. त्यानंतर तिथे पीट सुधारण्यासाठी वेगळी सरकारी संस्था नेमली गेली आणि कालव्यांना बांध घालायला सुरुवात झाली.

पाम हे झाड वाईट नाही. हेक्टरी त्याचे तेल सोयाबीनच्या कितीतरी पट निघते. ते सोडून सगळे सोयाबीनकडे वळले तर दुसरीकडे जास्त जंगल जाईल. पाम कुठे लावला, हा मुद्दा आहे. निचरा केलेल्या पीटवरची पामबाग, आग न लागताही, हेक्टरी वर्षाला सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड सोडते.

भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. तुमच्या कढईतल्या डब्याने फार फरक पडणार नाही, पण बिस्किटे, साबण, फरसाण बनवणाऱ्या मोठ्या खरेदीदारांनी 'नोव्हेंबर २०१८ नंतर पीटवर नवी लागवड नाही' या अटीचे प्रमाणित तेल मागितले तर पडेल. ती अट आरएसपीओ या शाश्वत पामतेलासाठीच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या प्रमाणपत्रात आहे. फराळाला शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल परवडत असेल तर जरूर वापरा, ते चवीसाठीही चांगले.

प्रश्न : तळेगावला माझी रोपवाटिका आहे. ट्रेमध्ये आयात पीट मॉस वापरावे की कोकोपीट?

कोकोपीट. नाव सारखे असले तरी ते नारळाच्या काथ्याचा भुसा आहे, दरवर्षी नव्याने तयार होतो. पीट मॉस कॅनडा किंवा बाल्टिक देशांतल्या दलदली खरवडून येते. आयर्लंडच्या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे थांबवले. कोकोपीट घेताना क्षार तपासा, दोनदा धुवा आणि गांडूळखत मिसळा. बहुतेक भाजीपाल्याच्या रोपांना एवढे पुरते.

प्रश्न : मडगावहून लिहितो. आमच्या खाजनांचे (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांचे) बांध फुटले, मानस (पाण्याची ये-जा राखणारी दारे) मोडले, भात गेले आणि आता तिथे खारफुटी वाढते आहे. काही जण म्हणतात, कार्बनसाठी हे चांगलेच झाले. तुमचे मत? आणि आपल्याकडे पीट आहे का?

आधी दुसरे. स्कॉटलंडसारखे विस्तीर्ण पीट आपल्या भागात नाही. भारतात नीलगिरीचे मी वर सांगितलेच. तिथल्या पीटवरून प्रा. रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दक्षिण भारताच्या गेल्या वीस हजार वर्षांतल्या पावसाचा चढउतार वाचून काढला होता. तुमच्या सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय आणि सिंधुदुर्गात दोडामार्गजवळ बांबर्डे इथे रानजायफळाच्या दलदली आहेत. त्या पीट नाहीत, पण पाण्यात गुडघ्यांसारखी मुळे वर काढून उभी असलेली ती झाडे पाणी वळवले तर मरतील. देवराई म्हणून त्या टिकल्या.

आता खाजन. खारफुटीच्या मुळांखालचा गाळ खरोखर फार कार्बन साठवतो. शिवाय खाऱ्या पाण्यात सल्फेट असते आणि त्यावर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांना फारसे वाढू देत नाहीत, म्हणून गोड्या दलदलीपेक्षा इथे मिथेन कमी. हे फायदे खरे आहेत.

तरीही बांध फुटल्याचा आनंद मला होत नाही. गोव्यातली सुमारे १८ हजार हेक्टर खाजने ही माणसाने भरती-ओहोटीशी जुळवून उभी केलेली व्यवस्था आहे. मानस उघडला-मिटला की मासे येतात, खारे पाणी थांबते, कोरगुटसारखे खारट जमीन सोसणारे भात होते. पावसाळ्यात पूर आणि उधाण एकत्र आले तर तेच शेत पाणी सामावून घेते. ती मोडली तर भात आणि मासळी बाहेरून आणावी लागते, आणि पडीक खाजनावर खारफुटीपेक्षा आधी भराव आणि इमारत येण्याची शक्यता जास्त. समुद्राची पातळी वाढते आहे. काही बाहेरचे बांध पुढच्या काळात राखणे खर्चाचे होईल, तिथे बांधाच्या बाहेर खारफुटीचा पट्टा मुद्दाम वाढू द्यावा, तो लाट मोडतो आणि बांधही वाचवतो. आतले मानस मात्र दुरुस्त करावेत. कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्था) आणि कूळ संघटनांना त्यासाठी पैसे आणि अधिकार मिळायला हवेत.

भातातूनही मिथेन येतो म्हणून खाजन सोडून द्यावे, असेही कुणी म्हणेल. पाणी हातात आहे अशा उन्हाळी भातात मधे एकदा-दोनदा शेत सुकू दिले तर मिथेन बराच घटतो, हे जगभर सिद्ध झालेले आहे. कोकणातल्या पावसाळी भातात ते जमत नाही. तिथे चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याची पद्धत, नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेली, पाहण्यासारखी आहे.

प्रश्न : उरणजवळच्या आमच्या पाणथळीवर रात्री डंपर येतात. आम्ही काय करावे?

तारीख दिसेल असे फोटो काढा, दर आठवड्याला, एकाच जागेवरून. ती जागा अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राच्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात आहे का ते पाहा. सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या अशा २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून भातशेती, मिठागरे आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. भराव टाकणारे याचाच आधार घेतात, म्हणून जुना सातबारा आणि गावनकाशा जोडा. खारफुटी असेल तर कांदळवन कक्षाकडे वेगळी तक्रार द्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पाणथळ तक्रार निवारण समितीलाही लिहा.

आणि डंपर दिसण्याआधीच एक गोष्ट तपासत जा : उधाणाचे पाणी आत येते का? बहुतेक ठिकाणी भरावाच्या कितीतरी महिने आधी रस्त्याखालची मोरी बुजवली जाते किंवा नाल्याच्या तोंडाशी बांध घातला जातो. पाणी तुटले की खारफुटी वाळते, गाळ तडकतो, साठलेला कार्बन सुटू लागतो आणि मग 'इथे पाणथळ नव्हतीच' असे सांगणे सोपे होते. तक्रारीत मोरीचा नेमका ठिकाणा आणि ती केव्हा बुजली हे पहिल्या परिच्छेदात लिहा, आणि भराव काढण्याच्या मागणीआधी ती मोरी उघडण्याची मागणी करा.